नावानिशी मत

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही नावे आज मुंबई या एका नावात इतकी विरघळून गेली आहेत की, ही गावे एके काळी शहराच्या हद्दीबाहेर होती, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली मुंबई महानगरपालिकेत सामील झाली, आणि हे दोन्ही विस्तार तत्कालीन मुंबई राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यांनी झाले. महानगरपालिकेत नगरसेवक किती असावेत, हेही विधिमंडळच ठरविते. २०२१ च्या अखेरीस ही संख्या २२७ वरून २३६ झाली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा २२७ वर आली. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाच्या हाती गेला, तेव्हा उपनगरातील नागरिकाला निवडून दिलेल्या माणसाकडे गाऱ्हाणे नेण्यास आमदाराखेरीज जवळचे दार उरले नाही. उपनगरांचे अस्तित्व, त्यांची सीमा, त्यांचे प्रतिनिधित्व या साऱ्याची सूत्रे ज्या सभागृहात हलतात, त्या सभागृहात मते कशी पडतात आणि कशी मोजली जातात, याची माहिती मात्र उपनगरातील सुशिक्षित माणसालाही क्वचितच असते.

विधानसभेच्या २८८ जागांपैकी २६ जागा मुंबई उपनगर जिल्ह्याच्या आहेत. निवडणूक आयोगाच्या यादीत त्यांचे अनुक्रमांक १५२ ते १७७ असून बोरिवलीपासून सुरू होणारी ही मालिका दहिसर, मुलुंड, अंधेरी, घाटकोपर अशी फिरत फिरत वांद्रे पश्चिमेशी संपते. मतदाराने आपल्या वस्तीतील शाळेत दिलेले मत या २६ सदस्यांच्या रूपाने दक्षिणेकडे प्रवास करते आणि नरिमन पॉइंटच्या विधान भवनात दाखल होते. या वास्तूचे उद्घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी झाले. त्यापूर्वी विधिमंडळ रीगल चित्रगृहासमोरच्या जुन्या इमारतीत भरत असे, जेथे आता राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. आता आरेहून निघणाऱ्या भुयारी मेट्रोवर ‘विधान भवन’ या नावाचे स्थानकही झाले आहे.

सभागृहात एखादा ठराव किंवा विधेयक मतास टाकले जाते, तेव्हा अध्यक्ष प्रथम अनुकूल असणाऱ्यांना ‘होय’ म्हणावयास सांगतात, नंतर प्रतिकूल असणाऱ्यांना ‘नाही’ म्हणावयास सांगतात, आणि कानावर पडलेल्या आवाजाच्या अंदाजाने ‘होय’चे बहुमत असल्याचे जाहीर करून प्रस्ताव संमत झाल्याचे सांगतात. हे आवाजी मतदान होय. राज्यघटनेच्या १८९ व्या अनुच्छेदाप्रमाणे हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने निर्णय होतो. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, परंतु दोन्ही बाजू समसमान झाल्या तर निर्णायक मत त्यांचे असते. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यसंख्येचा दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या विधानसभेत २९ सदस्य, हजर असले तरी पुरते. अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात मागण्यांवरील चर्चेची ठरलेली मुदत संपली की, उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मतास टाकल्या जातात, आणि कोट्यवधी रुपयांच्या तरतुदी काही मिनिटांत मंजूर होतात.

ही पद्धत मुळातच सदोष आहे, असे माझे म्हणणे नाही. विधेयकाचे प्रत्येक कलम, प्रत्येक सुधारणा यांसाठी शिरगणती करावयाची म्हटली तर अधिवेशनाचे दिवस मोजण्यातच सरतील. आणि ज्या विषयावर खरोखरच मतभेद नाही, तेथे आवाजावर निर्णय घेणे व्यवहाराला धरूनच आहे. माझी तक्रार आहे ती या पद्धतीत हरवणाऱ्या एका गोष्टीविषयी. सभागृहात उच्चारलेला प्रत्येक शब्द प्रतिवेदक टिपून घेतात. गोरेगावच्या मृणाल गोरे यांनी, ज्यांना सारे शहर पाणीवाली बाई म्हणून ओळखत होते, विधानसभेत केलेली भाषणे त्यांच्या नावासह कार्यवाहीच्या खंडांत सुरक्षित आहेत. तारांकित प्रश्न विचारणाऱ्याचे नाव राहते, लक्षवेधी सूचना देणाऱ्याचे राहते, हरकतीचा मुद्दा उपस्थित करणाऱ्याचेही राहते. परंतु ज्या कृतीसाठी मतदाराने त्याला तेथे धाडलेले असते, ती मत देण्याची कृती आवाजी मतदानात निनावी होते. सभासद बोलला काय, हे कळते. त्याने कौल कोणता दिला, हे दप्तरात राहत नाही.

१२ नोव्हेंबर २०१४ या दिवशी याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला. देवेंद्र फडणवीस यांच्या नव्या मंत्रिमंडळावरील विश्वासदर्शक प्रस्ताव वांद्रे पश्चिमचे आशिष शेलार यांनी मांडला, आणि त्याच दिवशी बिनविरोध निवडून आलेले अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी तो आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले. भारतीय जनता पक्षाला स्वबळावर बहुमत नव्हते. राष्ट्रवादी काँग्रेसचे ४१ सदस्य बाहेरून पाठिंबा देणार असल्याचे सांगितले गेले होते. शिवसेना आणि काँग्रेस या पक्षांनी मतविभागणीचा आग्रह धरला, गदारोळ झाला, परंतु मागणी मान्य झाली नाही. सरकार कायदेशीर होते आणि ते पाच वर्षे चालले. तथापि त्या दिवशी कोणत्या सदस्याने ‘होय’ म्हटले, कोणी ‘नाही’ म्हटले आणि कोण मौन राहिले, हे घाटकोपरच्या किंवा मालाडच्या मतदाराने कार्यवाहीत शोधावयाचे ठरविले, तर त्याला तेथे काहीही सापडणार नाही. राज्याचे सरकार कोणाच्या पाठिंब्यावर उभे राहिले या प्रश्नाला इतिहासाकडे पक्षांच्या निवेदनांपलीकडे उत्तर नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

मतविभागणीचा विधी याहून अगदी निराळा आहे. घंटा वाजविल्या जातात, बाहेर असलेले सदस्य आत यावेत म्हणून ठरावीक वेळ दिला जातो, नंतर सभागृहाची दारे बंद होतात आणि मोजदाद संपेपर्यंत कोणालाही आत घेतले जात नाही. मग सदस्य रांगेरांगेने एकेक करून उभे राहतात, आपले नाव आणि क्रमांक उच्चारतात, आणि अधिकारी त्यांची नोंद करतात. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळावरील विश्वासाचा प्रस्ताव असाच शिरगणतीने संमत झाला: बाजूने १६९, तटस्थ ४, आणि विरोधात एकही नाही, कारण भारतीय जनता पक्षाने सभात्याग केला होता.

परंतु या विधीचा पूर्ण अर्थ उलगडला तो जुलै २०२२ च्या पहिल्या आठवड्यात. शिवसेनेत फूट पडून २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला होता, दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे यांचा शपथविधी झाला होता, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले पायउतार झाल्यापासून रिकामे असलेले अध्यक्षपद ३ जुलैला भरावयाचे होते. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्या अध्यक्षतेखाली प्रथम आवाजी मतदान झाले, विरोधकांनी मतविभागणी मागितली, आणि शिरगणती होऊन राहुल नार्वेकर यांना १६४, तर राजन साळवी यांना १०७ मते पडली. मानखुर्द शिवाजीनगरचे अबू आझमी यांच्यासह तिघे तटस्थ राहिले. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक प्रस्तावावर १६४ विरुद्ध ९९ असा निकाल लागला. अशोक चव्हाण आणि विजय वडेट्टीवार यांच्यासारखे मुरलेले सदस्य काही मिनिटांच्या विलंबाने पोहोचले तेव्हा दारे बंद झाली होती, आणि मंत्रिपद भूषविलेल्या माणसांनाही बाहेर थांबावे लागले.

दोन्ही दिवशी १६४ हा आकडा तोच राहिला, परंतु त्या आकड्यातील माणसे तीच नव्हती. पहिल्या दिवशी ज्यांचे स्वतःचे मत त्या संख्येत होते ते नार्वेकर दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या आसनावर असल्याने मत देऊ शकत नव्हते. आणि पहिल्या दिवशी साळवींच्या बाजूने उभे राहिलेले कळमनुरीचे संतोष बांगर दुसऱ्या दिवशी शिंदे यांच्या बाजूस आले. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल की एका रात्रीत काहीच घडले नाही. नावे वाचणाऱ्यालाच कळते की काय घडले.

उपनगरांपुरते पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. २०१९ च्या निवडणुकीत उपनगरांतील दहा मतदारसंघांनी धनुष्यबाणावर शिक्का मारून शिवसेनेचे सदस्य पाठविले होते. त्यांपैकी मागाठाणे, कुर्ला आणि चांदिवलीचे प्रतिनिधी शिंदे यांच्या बाजूला उभे राहिले. दिंडोशी, जोगेश्वरी पूर्व, विक्रोळी, भांडुप पश्चिम, कलिना आणि चेंबूरचे ठाकरे यांच्या बाजूला. एकाच चिन्हावर मत देणारा भांडुपचा मतदार आणि मागाठाण्याचा मतदार या दोघांच्या मतांची त्या दिवशी फारकत झाली, आणि ती कशी झाली हे दोघांनाही निःसंशय कळले, कारण प्रत्येक प्रतिनिधीला उभे राहून आपले नाव उच्चारावे लागले होते. त्या कौलाविषयी कोणाचे काय मत असावयाचे ते असो. पुढच्या निवडणुकीत जाब विचारण्यास किंवा पाठ थोपटण्यास जो आधार लागतो, तो त्यांच्या हाती आला.

या कौलावर पुढे जो वाद न्यायालयात गेला त्यातही उपनगरांची नावे अग्रभागी होती. शिवसेनेचे प्रतोद कोण, दिंडोशीचे सुनील प्रभू की महाडचे भरत गोगावले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. कारण पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व १९८५ च्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे जाऊ शकते, आणि आदेश कोणाचा मानावयाचा हे प्रतोद कोण यावर अवलंबून असते. पूर्वी गोरेगावचे प्रतिनिधित्व केलेले सुभाष देसाई यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी सांगितले की, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातील गटाचा नव्हे. अपात्रतेचा निर्णय न्यायालयाने अध्यक्षांवर सोपविला, आणि जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी दोन्ही गटांपैकी कोणालाही अपात्र ठरविले नाही.

जी मते पडली त्यांच्याइतकाच विचार जी पडूच शकली नाहीत त्यांचाही करावयास हवा. ५ जुलै २०२१ रोजी गोंधळाच्या कारणावरून भारतीय जनता पक्षाचे १२ सदस्य एका वर्षासाठी निलंबित झाले. त्यांपैकी चौघे, म्हणजे आशिष शेलार, कांदिवली पूर्वचे अतुल भातखळकर, विलेपार्ल्याचे पराग अळवणी आणि चारकोपचे योगेश सागर, उपनगरांचे होते. सभागृहाची शिस्त राखण्याचा अधिकार सभागृहास आहेच. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हे निलंबन त्या अधिवेशनापलीकडे घटनाबाह्य ठरविले, आणि त्यामागील एक विचार मला फार मोलाचा वाटतो: सदस्याची हकालपट्टी झाली तर पोटनिवडणूक होऊन जागा भरता येते, परंतु वर्षभराच्या निलंबनात जागा भरलेलीही नसते आणि रिकामीही नसते, म्हणून शिक्षा सदस्याहून अधिक त्याच्या मतदारसंघाला होते. चारकोपच्या मतदाराने कोणता गोंधळ घातला होता? वर्षभर मुके राहण्याची वेळ मात्र त्याच्यावर आली असती.

१९९९ साली स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या संसदेने मतांच्या नोंदीबाबत पहिल्यापासून एक शिरस्ता ठेवला आहे. कामकाजाच्या दिवशी साधारण सायंकाळी पाच वाजता निर्णयाची वेळ येते. १२९ सदस्यांची मते यंत्रावर नोंदविली जातात, आणि मतदान झालेल्या प्रत्येक प्रश्नावर कोणी कोणत्या बाजूने मत दिले ते नावानिशी प्रसिद्ध होते. ते सभागृह आपल्याहून लहान आहे, त्याची जबाबदारीही मर्यादित आहे, हे मान्य. परंतु प्रत्येक विधेयकाच्या अखेरच्या मंजुरीचे मत आणि सरकारवरील विश्वासाचे मत, निदान एवढी दोन मते तरी मागणीची वाट न पाहता नावानिशी नोंदविली जावीत, अशी दुरुस्ती नियमांत करण्यास आपल्याला कोणाची आडकाठी आहे? घटनेच्या २०८ व्या अनुच्छेदाने आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार सभागृहालाच दिला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अध्यक्षांच्या निवडीचे गुप्त मतदान रद्द करून ती खुल्या पद्धतीने व्हावी, असा बदल याच सभागृहाने केला होता. त्या वेळी त्यामागे तत्कालीन सत्तापक्षाची निकड होती. तत्त्व मात्र त्या निकडीहून मोठे होते, आणि ते पुढे कोणी नेले नाही.

जुलै २०२२ च्या त्या दोन दिवसांत उपनगरांतील एक जागा संपूर्ण रिकामी होती. अंधेरी पूर्वचे आमदार रमेश लटके यांचे ११ मे रोजी निधन झाले होते. अणुशक्तीनगरचे नवाब मलिक त्या वेळी कोठडीत होते. त्यांचे नाव गैरहजरांत तरी आले. अंधेरी पूर्वचे कोणत्याच यादीत येणे शक्य नव्हते. पोटनिवडणूक ३ नोव्हेंबरला झाली. प्रमुख प्रतिस्पर्ध्याने माघार घेतल्याने ऋतुजा लटके यांना ६६,५३० मते पडली, आणि त्यांच्याखालोखाल सर्वाधिक, १२,८०६ मते, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या कळीला मिळाली. ६ नोव्हेंबरला निकाल लागला तेव्हा नव्या सरकारला चार महिने झाले होते, त्या दोन दिवसांची शिरगणती दप्तरात गेली होती, आणि तीत मतदारसंघ क्रमांक १६६ समोर ना ‘होय’ होते, ना ‘नाही’.