सोरायसिस : लागण नव्हे, आटोक्यात राहणारा आजार



आपल्या भागात ऊसतोड आणि थंडी एकदमच सुरू होतात. त्याच दिवसांत काही घरांत एक जुने दुखणे पुन्हा डोके वर काढते. कोपरावर, गुडघ्यावर, कमरेवर, डोक्यात लालसर जाड चट्टे उठतात. त्यांवर चांदीसारखा पांढरा कोंडा धरतो आणि खाजवले की खवले गळतात. मग तो माणूस पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, मिस्सेला शेवटच्या बाकावर बसतो, सणाच्या जेवणाला येत नाही. शेजारीही त्याला पैऱ्याला बोलावण्याचे टाळतात. कारण एकच, "हा रोग लागतो" ही समजूत. म्हणून आज आपण सोरायसिसची नीट ओळख करून घेऊ.

हा रोग लागत नाही

हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने सोरायसिस होत नाही, कारण तो जंतूंमुळे होणारा रोग नाही. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच चुकीची चेतून कातडीला त्रास देते. निरोगी कातडीचा वरचा थर तयार होऊन गळायला सुमारे एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकते. अर्धवट तयार झालेल्या कातडीचे थरावर थर चढतात, तोच हा कोंडा. घराण्यात कोणाला असेल तर इतरांना होण्याचा संभव वाढतो, पण प्रत्येक मुलाला होतोच असे नाही.

पुष्कळांना हा कुष्ठरोग वाटतो. पूर्वी डॉक्टरांचीही अशीच गल्लत होत असे. व्हिएन्नाचे डॉक्टर फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन्ही रोग वेगळे असल्याचे स्पष्ट केले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्यावर तो कळतो. चट्टा बधिर वाटला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कुष्ठरोगही औषधाने बरा होतो आणि ते औषध तेथे मोफत मिळते. मात्र निदान घरी करू नये. नायटा आणि इसबही काही वेळा असेच दिसतात.

भडका कशाने उडतो?

उसाच्या पाल्याने कापले, विळा लागला, खाजवून कातडी सोलली की बऱ्याच वेळा त्याच जागी नवा चट्टा उठतो. म्हणून शेतात पूर्ण बाह्या आणि हातमोजे वापरावेत. घसा सुजणे, काळजी, जागरण यांनीही आजार वाढतो. रक्तदाबाच्या व हिवतापाच्या काही गोळ्यांनी तो भडकू शकतो. त्या आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. निपाणीच्या तंबाखूने आपल्यातील अनेकांची घरे चालवली हे खरे, पण विडी आणि दारू या आजाराला खतपाणी घालतात. वांगे किंवा मासे खाल्ल्याने सोरायसिस होतो असे सिद्ध झालेले नाही. उगाच पथ्य करून अशक्त होऊ नये. वजन जास्त असेल तर ते मात्र उतरवावे.

उपचार कोणते?

सोरायसिस मुळापासून घालवणारे औषध अजून नाही, पण नीट उपचाराने कातडी महिनोन्‌महिने स्वच्छ राहू शकते. थोडे चट्टे असतील तर मलमे पुरतात. आजार अंगभर असेल तर विशिष्ट किरणांचा उपचार, गोळ्या किंवा इंजेक्शने देतात.

येथे दोन धोके सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

पहिला धोका दुकानातून परस्पर आणलेल्या मलमाचा. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पुढे कातडी पातळ होते आणि मलम सोडताच आजार दुप्पट उसळतो. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला, तो याचसाठी. "मुळापासून बरे करतो" म्हणणाऱ्यांच्या पुड्यांतही काही वेळा स्टेरॉइड किंवा पारा असतो.

दुसरा धोका मेथोट्रेक्सेट या गोळीचा. ही गोळी चांगली आहे, पण सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना विचारून वार ठरवावा. रविवार ठरवला तर मिस्सेच्या दिवसाबरोबर गोळीही लक्षात राहते. पाकिटावर तो वार ठळक लिहावा. ही गोळी चालू असताना दारू वर्ज्य, ठरलेल्या वेळी रक्त तपासणी आवश्यक. गरोदर स्त्रीने ती मुळीच घेऊ नये आणि मूल हवे असलेल्या जोडप्याने आधी डॉक्टरांना सांगावे.

बोटांचे किंवा पायांचे सांधे सुजले, सकाळी आखडले, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये. हा आजार सांध्यांतही उतरतो आणि उशीर झाल्यास बोटे कायमची वाकडी होतात. अंगभर लाली आली, पूभरल्या पुळ्या उठल्या किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आणि कोल्हापूरच्या सी.पी.आर.मध्ये त्वचारोगाचे डॉक्टर आहेत. आपण सीमाभागातली माणसे कधी इकडे, कधी तिकडे जातो. एका दवाखान्याचे कागद दुसऱ्याला आपोआप कळत नाहीत. म्हणून सर्व चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवून दर वेळी बरोबर न्याव्यात.

घरी काय करावे?

फार कढत पाण्याने आंघोळ करू नये. वजरीने चट्टे घासू नयेत. अंग हलके टिपून ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे. सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ घ्यावे. अंग भाजेपर्यंत उन्हात बसू नये.

आणि उरलेल्या आपण सर्वांनी काय करावे? संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने कुष्ठरोग्याला दुरून बरे केले नाही; हात पुढे करून त्याला स्पर्श केला. सोरायसिस तर लागणारा रोगही नाही. येत्या रविवारी शेवटच्या बाकावरच्या त्या भावाशेजारी आपण जाऊन बसावे, आणि दवाखान्याला जाताना त्याला सोबत करावी.