बेटावरील अरण्यांत

सणसवाडीच्या उघड्या माळावर वाढलेल्या मला, मुंबईचें साष्टी हें मूळचें बेट असून त्याच्या पोटांत सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, हें भूगोल शिकवूनही उमगलें नव्हतें. गेल्या मार्गशीर्षांत आमची मंडळी एका तरुण वाटाड्यामागून तेथील शिलोंड्याच्या पायवाटेनें निघाली. मी मागें पडूं लागतांच तो म्हणाला, "गुरुजी, आपण पुढें व्हा. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलानें सारे चालतील."

बिबट्या दिसला नाहीं. ओढ्याकांठच्या चिखलांत त्याचा ठसा तेवढा दिसला. पण वाटभर आठवलीं तीं माझ्या वर्गांतील मागच्या बांकांवरचीं मुलें. पस्तीस वर्षें मीं हुशारांच्या चालीनेंच शिकविलें.

वाचकहो, सहकुटुंब अरण्यांत जा. आणि घरांतील वृद्धांना व लहानग्यांना पुढें चालूं द्या.