बेगमी ते फ्रीझर : साठवणीच्या आधारे कौटुंबिक आहाराचे अर्थनियोजन

प्रस्तावना :

कुटुंबाच्या अर्थव्यवहारात अन्नावरील खर्च हा सर्वांत मोठा आणि सर्वांत लवचीक खर्च असतो. घरभाडे, शाळेचे शुल्क, कर्जाचा हप्ता या बाबी ठरलेल्या असतात. महिना ओढगस्तीचा गेला की कात्री लागते ती स्वयंपाकघराला. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली असे दाखवून दिले की, उत्पन्न जितके कमी तितका अन्नावरील खर्चाचा वाटा अधिक. भारतातील स्थिती याहून निराळी नाही. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्चापैकी सुमारे ४७ टक्के, तर नागरी भागात सुमारे ४० टक्के रक्कम अन्नावर खर्च होते.

हा खर्च कमी करावयाचा झाल्यास तो कोठे कमी होतो, हा यातील खरा प्रश्न आहे. पोळी-भात सहसा कमी होत नाही. कमी होते ती डाळ, भाजी, दूध आणि फळे. त्यातही घरातील स्त्री शेवटी जेवत असल्यास तिच्या ताटातील वाटा प्रथम घटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या, तर पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती. याला अनेक कारणे आहेत. तथापि, उपलब्ध पैशात ताट अधिक सकस कसे करता येईल, हा विचार त्यामुळे गौण ठरत नाही. घरातील कोठी आणि फ्रीझर यांत असलेल्या साठ्यापासून आहाराचे नियोजन कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

बेगमीची परंपरा आणि तिचे अर्थशास्त्र :

मराठी घरात 'बेगमी' हा शब्द जुना आहे. चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू-ज्वारी भरणे, तिखट-हळद कुटून ठेवणे, चिंच-कोकम साठवणे, पापड, कुरडया, सांडगे यांचे वाळवण घालणे, कोकणात सोडे, जवळा, सुके बोंबील डब्यात भरून ठेवणे ही सर्व पावसाळ्याची तयारी होय. पावसाळ्यात भाजी महागते, मासेमारी बंद असते आणि शेतमजुराच्या घरी पेरणीनंतर रोख रक्कम आटलेली असते. उन्हाळ्यातील मुबलकता पावसाळ्यातील टंचाईपर्यंत पोहोचविणे, हे या परंपरेचे सूत्र होते.

हे सूत्र आजही लागू पडते, कारण शेतमालाच्या भावातील हंगामी चढउतार कायम आहेत. २०१५ साली तूरडाळीचे भाव किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेले, २०१९ च्या अखेरीस कांद्याने शंभरी ओलांडली आणि जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनेही तीच गत केली. ज्या घरात डाळीचा दोन-तीन महिन्यांचा साठा असतो, त्या घराला असा काळ निभावून नेता येतो. टोमॅटोऐवजी चिंच वा आमसूल वापरण्याची सवय असेल, तर आमटीची चव आणि खिसा दोन्ही सांभाळले जातात.

मात्र साठवण विनामूल्य नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. समजा, ३० रुपये किलोने ५० किलो धान्य घेतले, तर १,५०० रुपये खर्च झाले. त्यांपैकी ५ किलो किडीने वाया गेल्यास उरलेले ४५ किलो धान्य प्रत्यक्षात ३३ रुपये ३३ पैसे किलोने पडले. वर्षभरात बाजारभाव याहून वर जाणार नसेल, तर अशी साठवण तोट्याचीच ठरते. शिवाय रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला एकरकमी खरेदी शक्य नसते. त्याला पाव-अर्धा किलोच्या पुड्या चढ्या दराने घ्याव्या लागतात. अशा कुटुंबांनी वर्षाची नव्हे, तर पंधरवड्याची बेगमी करावी, अथवा बचत गटाच्या माध्यमातून डाळींची एकत्रित खरेदी करून ती वाटून घ्यावी, हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

गरजेचे मोजमाप :

नियोजनाची सुरुवात 'काय करावे' यापासून न करता 'किती लागते' यापासून करणे इष्ट असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत २,००० किलोकॅलरीच्या दैनंदिन ताटाचा आराखडा दिलेला आहे. त्यानुसार तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये अथवा त्यांऐवजी अंडी, मासे वा मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, सुकी फळे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण आहे.

चार जणांच्या शाकाहारी कुटुंबाचा स्थूल हिशेब यावरून मांडता येतो. दररोज १ किलो तृणधान्य म्हणजे महिन्याला ३० किलो; दररोज ३४० ग्रॅम डाळी-कडधान्ये म्हणजे महिन्याला सुमारे १० किलो; तेल सव्वातीन किलोच्या आसपास. वय, श्रम आणि प्रकृती यांनुसार यात फरक पडेल. परंतु धान्य व डाळ यांचे तीनास एक हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. महिन्याच्या किराणा यादीत तीस किलो धान्यासमोर डाळी-कडधान्ये मिळून तीन-चार किलोच असतील, तर उणीव कोठे आहे हे त्वरित उमगते.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाते. चार जणांच्या कुटुंबाला यातून २० किलो, म्हणजे गरजेच्या दोन-तृतीयांश धान्य मिळते. मात्र डाळ ही या हक्काचा भाग नाही. म्हणून अशा कुटुंबाच्या कोठीचे नियोजन प्रामुख्याने डाळी-कडधान्यांचे नियोजन असले पाहिजे. धान्यावर वाचलेला पैसा डाळीकडे वळविणे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक बदल होय.

प्रथिनांचा भाव :

स्वस्त काय आणि महाग काय, हे किलोच्या भावावरून कळत नाही. त्यातून मिळणाऱ्या पोषणावरून कळते. उदाहरणादाखल काही भाव गृहीत धरू. तूरडाळ १२० रुपये किलो असेल आणि तिच्यात सुमारे २२ टक्के प्रथिने असतील, तर १० ग्रॅम प्रथिनांस साडेपाच रुपये पडतात. शेंगदाणे १४० रुपये किलो असल्यास त्यांतील सुमारे २५ टक्के प्रथिनांच्या हिशेबाने हाच खर्च ५ रुपये ६० पैसे येतो. सात रुपयांच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे १० ग्रॅमला साधारण पावणेबारा रुपये. दूध ६० रुपये लिटर असेल, तर पावणेएकोणीस रुपये. गावोगावचे भाव निराळे असतात. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

याचा अर्थ दूध-अंडी वर्ज्य करावीत असा नव्हे. दुधातून कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व मिळते, अंड्यातील प्रथिने उच्च प्रतीची असतात. परंतु प्रथिनांचा पाया डाळी-कडधान्ये आणि शेंगदाणे यांवर रचला, तर दूध-अंडी लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी राखून ठेवता येतात. डाळीतील लायसिन आणि धान्यातील मेथिओनिन ही अॅमिनो आम्ले परस्परपूरक असल्यामुळे वरण-भात, पिठले-भाकरी, खिचडी या जोड्या पोषणदृष्ट्याही योग्य ठरतात. मोड आणल्याने कडधान्यातील फायटेटचे प्रमाण घटते, क जीवनसत्त्व वाढते आणि लोहाच्या शोषणास मदत होते. उसळीवर लिंबू पिळण्याच्या रूढीमागेही हाच लाभ आहे.

साठ्यापासून ताटापर्यंत :

सामान्यतः आधी पदार्थ ठरतो आणि मग त्यासाठी खरेदी होते. काटकसरीच्या नियोजनात हा क्रम उलटा करावा लागतो. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. नोंद : आठवड्यातून एकदा कोठी, फ्रीज व फ्रीझर यांतील जिन्नस पाहून एका कागदावर वजनासह लिहावेत. निम्मा वेळ घरात असलेलीच वस्तू पुन्हा आणली जाते ती या नोंदीच्या अभावी.

२. क्रमवारी : जे लवकर खराब होणार ते आधी वापरावे. पालेभाजी व कोथिंबीर पहिल्या दोन दिवसांत, गवार-भेंडी त्यानंतर, कोबी-भोपळा-बटाटा आठवड्याच्या शेवटी. कोठीतही जुना माल पुढे आणि नवा मागे ठेवावा.

३. पूरक खरेदी : साठ्यातून ताटाचे कोणते घटक भागत नाहीत तेवढेच पाहून यादी करावी. बहुधा ती ताजी भाजी, फळ आणि दूध एवढीच उरते.

४. एक तयारी, दोन जेवणे : इंधन आणि श्रम वाचविण्यासाठी एकदा भिजवलेले वा शिजवलेले जिन्नस दोन निरनिराळ्या पदार्थांत वापरावेत.

या टप्प्यांचा नमुना असा. रविवारी सकाळी मटकी आणि रात्री हरभरे भिजत घातले. सोमवारी रात्री मोड आलेल्या निम्म्या मटकीची उसळ झाली. उरलेले मोड फ्रीजमध्ये ठेवून बुधवारी त्यांची खिचडी केली. हरभरे सोमवारीच उकडले. निम्मे मंगळवारी वापरले व निम्मे पुढील आठवड्यासाठी फ्रीझरमध्ये गेले. गुरुवारी पिठले-भाकरी, शुक्रवारी फ्रीझरमधील मटार घालून कोबी आणि चिंच-गुळाची आमटी, शनिवारी भाजणीचे थालीपीठ व शेंगदाण्याची चटणी. रोजच्या ३४० ग्रॅम डाळी-कडधान्यांची विभागणी वरणास १००, रात्रीच्या उसळीस वा पिठल्यास २०० आणि न्याहारीस ४० ग्रॅम अशी करता येते. हा आठवडा कोणत्याही मराठी घरास अपरिचित नाही. नवीन आहे ती केवळ त्यामागील आखणी.

फ्रीझरचा उपयोग आणि मर्यादा :

वाळवणात पाणी काढून घेऊन, तर फ्रीझरमध्ये पाणी गोठवून सूक्ष्मजंतूंची वाढ रोखली जाते. गोठवण्याने जंतू मरतातच असे नाही. ते निष्क्रिय होतात. दीर्घकाळ साठवणीसाठी उणे १८ अंश सेल्सिअस तापमान आवश्यक असते. एकाच दाराच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड राहत नाही. तेथे ठेवलेले जिन्नस थोड्या अवधीतच संपवावेत. फ्रीजचे तापमान ५ अंशांखाली असावे.

डिसेंबर-जानेवारीत स्वस्त असलेले मटार, खवलेला नारळ, आले-लसणाचे वाटण, उकडलेली कडधान्ये हे गोठवण्यास योग्य जिन्नस होत. मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात घातले, की रंग व चव बिघडविणारी विकरे निष्क्रिय होतात. पिशव्या एका वेळेस लागेल एवढ्याच भराव्यात व त्यांवर तारीख घालावी. गोठवलेला शिजविलेला पदार्थ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवावा आणि बाहेर वितळलेला पुन्हा गोठवू नये. वीज गेल्यास दार न उघडता भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास आणि फ्रीज सुमारे ४ तास थंडावा राखतो. जेथे भारनियमन दीर्घ असते, तेथे वाळवण हीच अधिक भरवशाची साठवण होय.

काटकसर आणि सुरक्षितता यांत सुरक्षिततेस अग्रक्रम दिला पाहिजे. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे विष तयार होऊ शकते आणि फोडणी दिल्याने ते नष्ट होत नाही. फोडणीच्या भातासाठी ठेवावयाचा भात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकते. ते निवडून वा भाजून वापरू नयेत, टाकूनच द्यावेत.

श्रमाचा प्रश्न :

नियोजनाची चर्चा बहुतेकदा गृहिणीस उद्देशून केली जाते. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे, तर सहभागी पुरुष ८८ मिनिटे देतात. बेगमी आणि साठ्याची नोंद ही कामे या २८९ मिनिटांत भर घालणारी ठरली, तर पैशाची बचत स्त्रीच्या विश्रांतीतून झाली असे म्हणावे लागेल. साठ्याची नोंद, क्रमवारी आणि खरेदी ही कामे घरातील पुरुष व मोठी मुले सहज करू शकतात. कागदावरील यादीचा मोठा लाभ हाच की, घरात काय आहे हे एकट्या स्त्रीने लक्षात ठेवण्याची गरज उरत नाही.

निष्कर्ष :

१. साठ्यापासून आरंभ करून पूरक खरेदी करण्याचा क्रम खर्च व नासाडी दोन्ही कमी करतो.

२. धान्य व डाळी-कडधान्ये यांचे तीनास एक हे प्रमाण राखणे, हा मर्यादित उत्पन्नातील आहारनियोजनाचा गाभा आहे.

३. साठवणीचा कालावधी कुटुंबाच्या रोख रकमेनुसार आणि संभाव्य नासाडीनुसार ठरवावा. वर्षाची बेगमी प्रत्येकास लाभदायक नसते.

४. वाळवण व फ्रीझर ही परस्परपूरक साधने असून त्यांचा वापर विजेची उपलब्धता आणि अन्नसुरक्षितता पाहून करावा.

५. महाविद्यालयीन स्तरावर गृहविज्ञान, अर्थशास्त्र व वाणिज्य या विषयांच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरातील साठ्याची एक महिन्याची नोंद हा प्रकल्प देता येईल. त्यातून एंगेलचा नियम आणि डाळीचा डबा यांचा संबंध त्यांना स्वतःच्या आकड्यांवरून कळेल. घरातील कोणाचे ताट उणे राहते, हेही त्याच नोंदीतून दिसून येईल.