कानांना दिशा कशी कळते?

पवनारला धाम नदीच्या काठी घटकाभर डोळे मिटून बसून पाहा. पाणी उजव्या हाताला असले, तर खडकांतला खळखळाट उजवीकडूनच येतो. ब्रह्मविद्या मंदिराकडून कोणी हाक मारली, तर ती कुठून आली हे न पाहता समजते. नागपूर-वर्धा रस्त्यावरून मालमोटार गेली, तर ती कोणत्या दिशेला गेली तेही कळते. डोळे मिटलेलेच, पण सारा परिसर जागच्या जागी उभा! हेच आवाज टिपून साध्या रेडिओवर ऐकवले, की नदी, हाक आणि मोटार सारी एकाच पेटीतून येऊ लागतात. असे का व्हावे?

आवाज कोणत्या बाजूचा, हे एकट्या कानाला नीट सांगता येत नाही. दोन्ही कानांच्या साक्षींत जो फरक पडतो, त्यावरून मेंदू ते ठरवतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित मागाहून. किती मागाहून? एका सेकंदाचे दीड हजार भाग केले, तर त्यांतला फार तर एक भाग! शिवाय मध्ये डोके आड येते. पाखराच्या बारीक आवाजाला ते अडवते, म्हणून पलीकडच्या कानाला तो हळू ऐकू येतो. ढोलाचा जाड आवाज मात्र डोक्याला वळसा घालून जातो. तिथे वेळेचा फरकच कामी येतो. समोर की मागे, वर की खाली, हे ओळखायला बाहेरच्या कानाच्या घड्या मदत करतात. तरीही शंका राहिली, तर आपण मान वळवतो.

आता हा फरक जसाच्या तसा टिपायचा कसा? एक कृत्रिम डोके घ्यायचे आणि त्याच्या दोन्ही कानांपाशी एकेक मायक्रोफोन बसवायचा. दोघांचे मुद्रण वेगळे ठेवायचे. ऐकताना हेडफोन लावायचा, म्हणजे डाव्याचे डाव्या कानात, उजव्याचे उजव्या कानात. लाऊडस्पीकरवर हे साधत नाही. कारण दोन लाऊडस्पीकर ठेवले तरी प्रत्येकाचा आवाज दोन्ही कानांत शिरतो आणि जपलेला फरक बिघडतो.

ही कल्पना जुनी आहे. 1881 साली पॅरिसच्या वीज-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराचे गाणे टेलिफोनच्या तारांवरून, प्रत्येक कानाला वेगळा श्रवणयंत्र देऊन, लोकांना ऐकवले. 1933 साली शिकागोच्या प्रदर्शनात ‘ऑस्कर’ नावाचा पुतळा लोकांसाठी ऐकत होता. 1973 साली पश्चिम जर्मनीत कृत्रिम डोक्याने मुद्रित केलेली श्रुतिकाही प्रक्षेपित झाली. पण एक उणीव राहतेच. साधा हेडफोन लावून मान वळवली, की नदीही आपल्याबरोबर वळते! आणि पुतळ्याचे कान काही आपले कान नव्हेत. म्हणून समोरचा आवाज कधी मागे भासतो.

गुरुजींनी हा प्रयोग शाळेत करून पाहावा. एका मुलाचे डोळे बांधून मधोमध बसवा. भोवतीच्या मुलांनी आळीपाळीने टाळी वाजवावी. तो बोटाने दिशा दाखवील. मग त्याला एक कान तळहाताने घट्ट झाकायला सांगा. तेच बोट भलतीकडे जाऊ लागेल.

ही नुसती गंमत नव्हे. कान वाहून वाहून एका कानाने कमी ऐकू येणारे मूल वर्गात बरेचदा ‘लक्ष नसलेले’ ठरते. रस्ता ओलांडताना भोंगा त्याला ऐकू येतो, पण गाडी कोणत्या बाजूची ते कळत नाही. अशा मुलाला पुढे, चांगला कान गुरुजींकडे येईल असे बसवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. धडधाकट माणसानेही कानांत गाणी घालून रस्त्याने चालू नये. घरी बसून हेडफोनवर नदी जरूर ऐकावी. रस्त्यावर मात्र दोन्ही कान मोकळे असावेत.