तीन मतांचा खासदार

उस्मानपुऱ्यातल्या अभ्यासिकेत सकाळी सातला पोचलात तर पंख्याखालची जागा मिळते. आठनंतर विसरा! तिथे यूपीएससी करणाऱ्या मैत्रिणीला परवा सहज विचारलं, ‘दादाभाई नौरोजी म्हटलं की काय आठवतं गं?’ मान वर न करता ती म्हणाली, ‘ड्रेन थिअरी. दोन मार्क.’

पेपरापुरतं बरोबरच आहे. पण ती ज्या परीक्षेसाठी घासतेय, तिच्या आधीची आयसीएस भारतातही व्हावी म्हणून हा माणूस थेट ब्रिटिश संसदेत भांडला होता.

तेव्हा ही परीक्षा फक्त लंडनला व्हायची. बोटीचं भाडं, तिथला खर्च आणि नापास झालात तर तसंच परत. त्यात १८७८ पासून वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली. आपल्याकडे एकोणिसाव्या वर्षी पोरं सेकंड इयरला असतात!

दादाभाई चार वर्षांचे असताना वडील गेले, आई माणेकबाईंनी वाढवलं. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५५ मध्ये व्यापारासाठी इंग्लंडला गेले. १८८६ मध्ये लंडनच्या होबर्नमधून निवडणूक लढवली, हरले. दोन वर्षांनी खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी भर सभेत बोलले की, इंग्लिश मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देतील असं वाटत नाही. झालं उलटंच. ज्यांना दादाभाईंचं नाव माहीत नव्हतं, त्यांनाही ते कळलं.

१८९२ च्या जुलैमध्ये सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षाचे दादाभाई निवडून आले. वय ६६. फेरमोजणीनंतर मताधिक्य उरलं फक्त तीन! ‘नौरोजी’ हे नाव उच्चारता न येणारे गोरे त्यांना गमतीनं ‘नॅरो मेजॉरिटी’ म्हणायला लागले.

जून १८९३ मध्ये परीक्षा भारतात आणि इंग्लंडमध्ये एकाच वेळी घ्यावी, असा ठराव संसदेत आला. ८४ विरुद्ध ७६ मतांनी तो मंजूरही झाला. सरकारनं तो गुंडाळून ठेवला. १८९५ ला दादाभाई हरले, १९१७ ला गेले. भारतात ही परीक्षा पहिल्यांदा झाली ती १९२२ मध्ये, अलाहाबादला.

आता पूर्व परीक्षेचं केंद्र आपल्याच शहरात असतं. मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. तिनं वहीच्या कोपऱ्यात १९२२ लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि विचारलं, ‘आणि वयाची अट परत कधी वाढवली?’