‘फास्ट’ या एका शब्दाची अडवणूक

१९२८ सालीं विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावूं लागली आणि वेग हा उपनगरवासीयांच्या अंगवळणीं पडला. आज अंधेरीच्या वा घाटकोपरच्या फलाटावर ध्वनिक्षेपक ‘जलद’ आणि ‘धीमी’ असें पुकारतो. उतारू मात्र ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ असेंच म्हणतात. यांत रागावण्याजोगें कांहीं नाहीं. ‘जलद’ हा शब्दही मूळचा फारसी ‘जल्द’च; तेव्हां परक्या शब्दाचें सोंवळें कोणीं पाळावें?

प्रश्न निराळाच आहे. हें विशेषण गाडींतून उतरून घरांत शिरलें आणि अनेक शब्दांच्या जागा अडवून बसलें. मूल ‘फास्ट’ वाचतें, घड्याळ ‘फास्ट’ असतें, साडीचा रंगही ‘फास्ट’!

मराठीची निवड पाहा. गाडी भरधाव जाते, माणूस झपझप चालतो, हात झरझर लिहितो. हरिण चपळ, बुद्धि तल्लख, कवि शीघ्र, गाण्याची लय द्रुत. घड्याळ पुढें असतें आणि रंग पक्का असतो. रंगाचा तर वेगाशीं संबंधच नाहीं. तेथें इंग्रजी शब्दाचा ‘घट्ट, न सुटणारा’ हा जुना अर्थ टिकून आहे.

या भेदांचें मोल घरांतच कळतें. मुलगा ‘भरभर वाचतो’ ही शाबासकी. ‘घाईघाईनें वाचतो’ ही तक्रार. ‘फास्ट वाचतो’ एवढेंच ऐकल्यावर आईनें त्याची पाठ थोपटावी कीं कानउघाडणी करावी? गाडी खुशाल ‘फास्ट’ असूं द्यावी. मुलांच्या कानांवर मात्र हे निरनिराळे शब्द रोजच्या बोलण्यांतून पडत राहिले पाहिजेत.