अंगणातील पाहुणा : शिंजीर

नाशिकमधील एखाद्या सोसायटीच्या बागेत जास्वंदीपाशी क्षणभर हवेत फडफडणारा इवलासा चकचकीत पक्षी दिसला की मुले आनंदाने ‘हमिंगबर्ड’ म्हणून ओरडतात. वस्तुतः हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांतच आढळतात. भारतात त्यांची एकही जाती नाही. येथे दिसतो तो शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी. हमिंगबर्ड हा पाकोळीचा नातलग, तर शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या गणातला. दोघांची कुळे भिन्न असली तरी फुलांतील मधुरसावर जगण्याच्या गरजेने दोघांनाही लांब चोच व रस शोषणारी जीभ लाभली. फरक एवढाच की हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून रस पितो, तर शिंजीर बहुधा डहाळीला धरून, प्रसंगी उलटा लटकून आपले काम उरकतो.

नाशिक परिसरात त्याच्या दोन जाती सहज दिसतात. जांभळा शिंजीर जेमतेम १० सेंटिमीटर लांबीचा. विणीच्या काळात नर दुरून काळाच भासतो. ऊन पडताच मात्र त्याच्या अंगावर निळ्या-जांभळ्या धातूची झळाळी उमटते. विणीचा हंगाम सरला की तो ही भरजरी वस्त्रे उतरवितो आणि मादीसारखा पिवळसर दिसू लागतो. गळ्यापासून पोटापर्यंत तेवढी एक गडद पट्टी उरते. दुसरी जाती जांभळ्या पाठीच्या शिंजिराची. त्याचे पोट पिवळेजर्द असते आणि नर वर्षभर रंगीतच राहतो.

शिंजीर फुलांकडून घेतो, तसे त्यांना देतोही. रस पिताना कपाळाला व चोचीला लागलेले पराग तो दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवितो. पळस, पांगारा, धायटी, मुरुडशेंग आणि आंब्यावरचे बांडगूळ यांच्या फुलांवर त्याची सतत ये-जा असते. पक्षी आणि फुले यांच्या या देवाणघेवाणीवर डॉ. सालिम अली यांनी १९३२ मध्येच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात विस्तृत लेख लिहिला होता. लांब नळीच्या फुलांचा देठाकडील भाग टोचून परस्पर रस पळविण्याची चलाखीही तो अधूनमधून करतो.

त्याचे घरटे हा कौतुकाचा विषय आहे. जांभळ्या शिंजिराची मादी एकटीच ते विणते. गवताच्या काड्या, तंतू व सालीचे कपटे कोळ्याच्या जाळ्याने सांधून ती लांबट थैली टांगते. प्रवेशद्वार बाजूला आणि त्यावर छोटीशी पागोळी. आत बहुधा दोन अंडी असतात. ती सुमारे १५ दिवस उबविली जातात आणि पिले उडेपर्यंत आणखी साधारण तेवढाच काळ जातो. पिलांना मधुरस पुरत नाही. त्यांना किडे व कोळी भरवावे लागतात. या कामी नरही साहाय्य करतो.

नेमकी येथेच माणसाशी गाठ पडते. शिंजीर मनुष्यवस्तीला बुजत नाही. गॅलरीतील वेल, कपडे वाळविण्याची दोरी, दुकानामागे लोंबणारी वायर यांवरही तो घरटे बांधतो. वरून सालपटे व कचरा चिकटविलेले ते घरटे जळमटासारखे दिसते आणि उन्हाळ्यातील साफसफाईत झाडूच्या एका फटक्यात खाली येते. या दोन्ही जाती आज दुर्मीळ नाहीत व कायद्याने त्यांना संरक्षणही आहे. परंतु कोणताही कायदा गॅलरीतला झाडू थांबवू शकत नाही. तो घरच्या माणसानेच थांबवायचा असतो.

त्यासाठी फारसा खर्च लागत नाही. लोंबणारे जळमट काढण्यापूर्वी त्याला बाजूने भोक आहे का, हे पाहावे. घरटे आढळल्यास महिनाभर ती दोरी वा वायर तशीच राहू द्यावी, घरटे हाताळू नये आणि गोदाम-दुकानातील नोकरांनाही तशी सूचना द्यावी. बागेत कीटकनाशकांची फवारणी टाळावी, कारण फवारणीने किडे मेले की पिलांचा घास जातो. साखरपाण्याच्या बाटल्या टांगण्यापेक्षा अडुळसा, जास्वंद वा धायटीचे एखादे रोप लावणे हितकर. इमारतीच्या आवारात जागा असेल तर पळस वा पांगारा लावता येईल.

जीवदयेसाठी दरवेळी पांजरपोळापर्यंत जावे लागत नाही. काही घरांत ती कपड्यांच्या दोरीवर महिनाभर वस्तीला येते. तेवढे दिवस कपडे दुसरीकडे वाळवावेत, इतकेच.